कावळा शिवला नाही म्हणून



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आहे. नवदीक्षित घरातील देव्हारा लवकर उतरतो, उपासतापासही सुटतात. पण घरात कोणी वारले की वडीलधाऱ्यांपैकी एखादे हळूच म्हणते, "एवढा पिंड तरी ठेवा, नाहीतर जीव अडकेल." दुःखात माणूस वाद घालीत नाही. म्हणून ह्याचा विचार घर सुखात असतानाच करून ठेवावा.

दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचा पिंड ठेवतात. कावळा शिवला तर मृताचा आत्मा तृप्त झाला. न शिवला तर त्याची काही इच्छा मागे राहिली, अशी समजूत. मग जमलेली माणसे हात जोडून वचने देऊ लागतात. धाकटीचे लग्न आम्ही करू, शेत विकणार नाही, म्हातारीला अंतर देणार नाही. ऊन चढते. तरी कावळा आला नाही की कुजबुज सुरू होते आणि बहुधा सुनेवर येऊन थांबते: हिने शेवटी नीट पाहिले नाही. सहा महिने अंथरुण धुतलेल्या बाईची परीक्षा एक पक्षी घेतो व तिला नापास करतो!

शेवटी कंटाळून दर्भाचा कावळा करतात, तो पिंडाला लावतात आणि सारे घरी परततात. गवताच्या कावळ्याने काम भागत असेल, तर खऱ्या कावळ्याची वाट कशासाठी पाहिली? हा प्रश्न सातवीतले पोरही विचारील. कावळा चतुर आणि संशयी पक्षी आहे. घोळका टक लावून बसला की तो बिचकतो. पोट भरलेले असले की पिंडाकडे पाहतही नाही. ह्यात मृताच्या इच्छेचा संबंध कोठे आला?

मयताच्या जागी पीठ पसरून, वर टोपली झाकून, सकाळी त्यात पाऊल शोधणे हेही तसलेच. उंदीर-झुरळ फिरले की खूण उमटणारच. पण बाळंतपणात वारलेली बाई हडळ होते म्हणून तिच्या मागे वाटेवर मोहरी टाकणे फार वाईट. वेळेवर उपचार न मिळाल्याने गेलेली आपली लेक, आणि आपणच तिला भ्यायचे!

जातककथांत सुजाताची गोष्ट आहे. वाराणसीचा एक गृहस्थ वडील वारल्यावर त्यांच्या अस्थींवर स्तूप बांधून रोज रडत बसे. खाणेपिणे सुटले, कामधंदा बुडाला. त्याचा मुलगा सुजात गावाबाहेर मेलेल्या बैलापुढे गवत-पाणी ठेवून "खा, पी" म्हणू लागला. पोराला वेड लागले म्हणून बाप धावत आला. सुजात म्हणाला, "बैलाचे डोके, पाय, शेपूट तरी जागेवर आहे, आजोबांचे काहीच दिसत नाही. मग वेडा कोण?" बापाचा शोक तेथेच उतरला. पोराने बापाला भीती घातली नाही, समज दिली.

नदीकाठी दिलेली वचने मात्र टाकून देऊ नयेत. ती कावळ्याला देण्याऐवजी पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्रिशरण-पंचशील झाल्यावर, मृताच्या पत्नीसमोर चारचौघांत द्यावीत. तिच्या बांगड्या फोडायला कोणी पुढे आले तर आधी त्यांना अडवावे. धाकटीचे लग्न की शिक्षण, हे मायलेकींना विचारून ठरवावे. वह्यापुस्तकांचा खर्च उचलणाऱ्याने रक्कम सांगावी व ती वहीत लिहून ठेवावी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखला घ्यावा. शेत असेल तर तो घेऊन तलाठ्याकडे जावे, आणि सातबाऱ्यावर मुलांबरोबर विधवेचे व मुलींचेही नाव लागले की नाही, हे स्वतः वाचून पाहावे.