पाच किलोमीटरची गाडी

सांगलीतल्या विश्रामबागेतल्या आमच्या घरापासून मिरजेतलं डायलिसिस सेंटर पाच किलोमीटर. आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आठवड्यातून तीनदा तिथं सोडायचं, घरी यायचं, चार तासांनी पुन्हा आणायला जायचं. माझी शाळा अडीच किलोमीटरवर. मंडई, बँक, औषधांचं दुकान सगळं त्याच्या आत. २०२३ मध्ये जुनी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा ही अंतरं मला तोंडपाठ होती, पण गाडी निवडताना मी त्यांचा विचारच केला नाही. त्याची किंमत पैशांत तर मोजलीच, पण आण्णांच्या जिवाला जो घोर लागला तो मला अजून सलतो. म्हणून हे लिहिते आहे.

घरातल्या सगळ्यांचा सल्ला एकच होता: डिझेल घे, स्वस्त पडतं. आमच्याकडे हे वाक्य एका पिढीकडून दुसरीकडे चालत आलंय. ते कधीकाळी खरंही होतं. डिझेल आणि पेट्रोलच्या भावात मोठं अंतर होतं आणि जुनी डिझेल इंजिनं साधी होती. एजंटनं दाखवलेली गाडी देखणी होती. २०२० च्या अखेरची, अडतीस हजार किलोमीटर फिरलेली, डिझेल, उंच बसकणीची. पहिला मालक दर आठवड्याला पुण्याला जायचा. सर्व्हिसची नोंद चोख, रंगाला ओरखडा नाही. तशाच वयाच्या पेट्रोल गाडीपेक्षा दीड लाख जास्त देऊन मी ती घेतली, आणि सहा महिने ती छान चालली.

डिसेंबरात काट्यांशेजारी एक पिवळा दिवा लागला. एजंटला फोन केला. तो म्हणाला, "सेन्सरचं असतंय मॅडम, जाईल आपोआप." मीही मान्य केलं, कारण तेच ऐकायचं होतं. फेब्रुवारीत एका दुपारी आण्णांना घेऊन येत होते. डायलिसिसनंतर त्यांचा रक्तदाब उतरतो, डोळे मिटून ते मागं टेकून बसतात. विजयनगरच्या अलीकडे गाडीचा जीवच गेला. ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढेना, मागून ट्रकचे हॉर्न, समोर तीन दिवे पेटलेले. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि भर उन्हात आण्णांना रिक्षात बसवलं. ते काही बोलले नाहीत. रिक्षात चढताना माझ्या दंडाला धरलेला त्यांचा हात थरथरत होता.

आमच्या भागातल्या जुन्या गॅरेजचे मेस्त्री आले. त्यांनी आधी बॉनेट उघडून इंजिन ऑइलची काडी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर आलं होतं. काडी त्यांनी माझ्या नाकाजवळ धरली. डिझेलचा वास येत होता. "ताई, ऑइल वाढतंय कुठं कधी? डिझेल उतरलंय त्यात. रोज किती लांब जाता?" मी म्हटलं, मिरजेपर्यंत. ते काडी पुसत म्हणाले, "गाडी चांगली हाय. तुमच्या कामाची न्हाई."

त्यांनी जे समजावलं ते मी तुम्हाला सांगते, कारण जुनी डिझेल गाडी घेणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना हे कुणी सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ चे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. डिझेलच्या धुरातली बारीक काजळी ती अडवते. ही काजळी साठत जाते आणि ठरावीक प्रमाण झालं की गाडी ती स्वतःच जाळते. त्यासाठी गाळणीत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती आणायला इंजिन जादा डिझेल सोडतं, आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं न थांबता बऱ्या वेगात धावावी लागते. पुण्याच्या वाटेवर हे आपोआप होतं, चालवणाऱ्याला कळतही नाही. विश्रामबाग ते मिरज या पाच किलोमीटरांत इंजिन धड तापतही नाही. काजळी जाळायला सुरुवात होते, तेवढ्यात मी गाडी बंद करते. जादा सोडलेलं डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, त्याचा वंगणपणा जातो. गाळणी आणखी तुंबते. शेवटी गाडी स्वतःला वाचवण्यासाठी ताकद आखडून घेते. भर रस्त्यात झालं ते हेच.

पहिला पिवळा दिवा म्हणजे गाडीची विनंती असते: मला अर्धा तास मोठ्या रस्त्यावर न्या. त्या दिवशी मी कोल्हापूर रस्त्याला गाडी काढली असती तर बहुधा तेवढ्यावर भागलं असतं. सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक लावून गाळणी जाळून घेतली, ऑइल बदललं, तरी दीड महिन्यात दिवा परत आला. नव्या गाळणीचा आकडा लाखाच्या वर होता. एका गॅरेजनं सुचवलं की गाळणी काढूनच टाकू आणि गाडीच्या संगणकाला तसं पढवू. पुष्कळ जण हे करतात. मी नको म्हटलं आणि तुम्हीही नको म्हणा. ते बेकायदेशीर आहे, आणि ती काजळी आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत जाते.

मग मी तो हिशेब केला जो आधी करायला हवा होता. आमच्या फेऱ्या धरून वर्षाला गाडी फिरते साधारण पाच हजार किलोमीटर. गावातल्या तुकड्यातुकड्यांच्या चालवण्यात पेट्रोल गाडी लिटरला तेरा देते, डिझेल पंधरा. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२ धरलं तर वर्षाचा फरक दहा हजारांच्या आतच राहतो. आणि डिझेलसाठी मी जादा मोजले होते दीड लाख. ते वसूल व्हायला पंधरा वर्षं लागली असती. खासगी गाडीची पहिली नोंदणीच मुळात पंधरा वर्षांची असते.

म्हणून जो कुणी मला विचारतो त्याला मी आधी एक वही घ्यायला सांगते. पंधरा दिवस, घरातून बाहेर पडलात की दरवेळी किती किलोमीटर गेलात ते लिहा. महिन्याची बेरीज नव्हे, एकेक फेरी. महिन्याला हजार किलोमीटर होणारे दोघे जण अगदी वेगळे असू शकतात: एकजण चार वेळा लांबच्या गावाला जातो, दुसरा दोनशे वेळा चौकापर्यंत. पहिल्याला डिझेल शोभतं. दुसऱ्यानं साधं, टर्बो नसलेलं छोटं पेट्रोल इंजिन घ्यावं, आणि जितके कमी दिखाऊ भाग तितकं उत्तम.

डिझेल विकून दुसरी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा सीएनजीचाही मी विचार केला. चालवायला ती सगळ्यांत स्वस्त, यात वाद नाही. पण टाकी डिकी खाते आणि आम्हाला डिकीत आण्णांची व्हीलचेअर ठेवायची असते. शिवाय पाच हजार किलोमीटरांत बचत ती किती होणार? तुमचं फिरणं याच्या तिप्पट असेल आणि पंप वाटेवर असेल तर जरूर घ्या, फक्त टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबाची चाचणी झाल्याचा दाखला मागा.

दुसऱ्या वेळी मी दोन महिने घेतले आणि अकरा गाड्या पाहिल्या. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगायचं की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर त्या गाडीला नमस्कार. तापलेलं इंजिन आपली दुखणी लपवतं. गार इंजिनच खरं बोलतं. सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. पहिले काही सेकंद इंजिनातली साखळी खडखडून मग शांत झाली तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. क्लच अगदी वर आल्यावर गाडी उचलत असेल तर क्लचप्लेटचा खर्च भावातून वजा करून घ्या.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते, ती म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्याच महिन्यात चिपळूणही बुडालं. किती गाड्या पाण्यात गेल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यांतल्या पुष्कळ धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या. मी पाहिलेली सातवी गाडी तशी होती. आतून अत्तराचा वास, सीटला नवी कव्हरं. मी पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर खालच्या अर्ध्या हातावर मातकट रेघ. स्टेपनी उचलली, खोबणीच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ, आपल्या नदीचा, बोटाला लागला की ओळखू येतो तो. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेले. विकणारा काही बोलला नाही, मीही नाही. पाण्यात गेलेल्या गाडीची वायरिंग वर्षभरानं, दोन वर्षांनी कधीही दगा देते, आणि एअरबॅगचं यंत्रही त्या वायरींवरच चालतं.

कमी फिरलेल्या गाडीला भुलू नका, हेही मी अनुभवानं सांगते. सहा वर्षांत पंधरा हजार किलोमीटर, म्हणजे ती गाडीही माझ्यासारख्याच कुणीतरी चौकापर्यंत चालवलेली. छोट्या फेऱ्यांत इंजिनातली वाफ उडून जात नाही. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरा थर साठतो, सायलेन्सर आतून गंजतो, बॅटरी कधी पुरती भरतच नाही. अशा गाडीचं ऑइल किलोमीटरवर नव्हे, तारखेवर बदललेलं असायला हवं, वर्षातून एकदा तरी. नोंद नसेल तर चाळीस हजार चाललेली, दरवर्षी सर्व्हिस झालेली गाडी त्याहून बरी. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचा टायर बदलायचाच, हे धरून भाव करा.

सुरक्षिततेत काटकसर नको. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, आणि पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२२ पासूनच्या सगळ्या गाड्यांत असते. त्याआधीची घ्यायची तर वरचं मॉडेल बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात: एम-परिवहन ॲपवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधी संपतो ते पाहा, थकलेले ई-चलान विकणाऱ्याकडून भरून घ्या, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हवा. विमा चौदा दिवसांत नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो, तेव्हा हप्ता वाढणार हे गृहीत धरा.

शेवटी घेतली ती २०१९ ची पेट्रोल वॅगन आर, एक लिटरच्या इंजिनाची, वरच्या मॉडेलची, एका निवृत्त पोस्टमास्तरांची. त्यांनी सहा वर्षांच्या पावत्या तारीखवार सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या. आण्णांना आधी नुसतं बसवून पाहिलं. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला आली. वाकावं लागलं नाही, चढावंही लागलं नाही. डिझेल गाडीत त्यांना पायरीसारखं चढायला लागायचं, आणि ते त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

डिझेल गाडी मी आठवड्याला दोनदा पुण्याला जाणाऱ्या एका माणसाला विकली. गाळणीचं सगळं सांगून, पावत्या दाखवून, ऐंशी हजार कमी घेऊन. त्याचा मध्यंतरी फोन आला होता, दिवा परत लागलेला नाही.

पेट्रोल इंजिनालाही पाच-पाच किलोमीटरांचा जाच होतोच. म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही तासगावच्या रस्त्यानं पंचवीस किलोमीटर जाऊन येतो. आण्णा पुढं बसतात, काच अर्धी खाली करतात आणि द्राक्षबागांत छाटणी झाली का, फवारे चालू आहेत का ते बघत राहतात. परत दारात गाडी लावते तेव्हा इंजिन पुरतं तापलेलं असतं.