शंभर मिलिसेकंदांची झोप

मने, काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला आणि मी ‘झोप आता’ म्हणून सुटका करून घेतली. खरं म्हणजे मला माझंच आठवलं होतं. आज विंचूरला आलेय. पप्पा ट्रॅक्टर घेऊन उपबाजारात गेलेत, आई आत आहे, ओट्यावर मी एकटीच. आता सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव.

तुला आता छळतोय तोच बग पहिल्या नोकरीत माझ्याही पदरात पडला होता. ड्रायव्हर मॉड्यूल उतरवताना दहातून एकदा मशीन कोसळायची. मी फ्लॅग लावून थ्रेडला ‘थांब’ सांगायचे आणि लगेच मेमरी सोडून द्यायचे. तो मात्र अजून त्याच मेमरीत हात घालत असायचा. कारण सापडेना, विचारायची लाज वाटे. मग मेमरी सोडण्याआधी मी १०० मिलिसेकंदांची झोप घातली. कोसळणं बंद! शाबासकीही घेतली गं मी. दोन-अडीच महिन्यांनी गिऱ्हाइकाकडे, जिथे मशीनवर खरा भार होता, तिथे तेच पुन्हा.

तुझ्या कोडात काल तीच झोप दिसली. काढून टाक. माणसं आतमध्ये कांदा निवडतायत आणि आपण ‘आता निघालीच असतील’ म्हणून चाळीला कुलूप घालतो, तसं आहे ते. मोजून घ्यायला नको का?

मोजायचं काम कर्नलमधलं केथ्रेड-स्टॉप हे फंक्शन करतं. ते थांबायची खूण लावतं, झोपलेल्या थ्रेडला उठवतं आणि तो खरंच संपेपर्यंत तिथेच थांबतं. पण त्याच्याही खोडी आहेत. तुझा थ्रेड एरर आली की आपणहून रिटर्न होतो ना? मग त्याचं टास्क-स्ट्रक्टही मोकळं होऊ शकतं, आणि तू नंतर स्टॉप म्हणतेस ते कुणाला? मजूर गावी गेला, आणि मुकादमाच्या वहीतलं त्याचं पानही फाडलेलं. एक तर एरर आल्यावरही त्याला स्टॉपची वाट बघत बसव, नाहीतर सुरू करतानाच गेट-टास्क-स्ट्रक्टने ते पान धरून ठेव आणि स्टॉप झाल्यावर पुट कर. मला पहिला मार्ग आवडतो. धरलेलं सोडायला आपण विसरतो.

दुसरी खोड जास्त छळते. थ्रेडने खूण तपासली, नव्हती. तेवढ्यात तू खूण लावून त्याला हाक मारलीस. तो जागाच होता, हाक वाया गेली, आणि मग तो निवांत झोपला. आता तो उठत नाही आणि तू त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलीस. १२० सेकंदांनी लॉगमध्ये हंग-टास्कची ओरड येते, ती हीच. म्हणून क्रम उलटा: आधी स्वतःची अवस्था ‘झोपेत’ अशी लिहायची, मग खूण तपासायची, मगच शेड्यूल. वेट-इव्हेंट वापरलंस तर हा क्रम तेच सांभाळतं, फक्त अटीत ती खूण तपासणारं शुड-स्टॉप घालायला विसरू नकोस.

आणि हो, जो म्यूटेक्स थ्रेडला हवाय तो हातात धरून स्टॉप म्हणू नकोस. शिवाय थ्रेड एकदाही चालण्याआधी स्टॉप झाला तर त्याचं फंक्शन चालतच नाही, त्यामुळे साफसफाई त्याच्या पोटात ठेवलीस तर ती होणारच नाही. हे मला पाच वर्षांनी कळलं!

उतरवताना आधी इंटरप्ट सोड, टायमर बंद कर, म्हणजे नवं काम यायचं थांबेल. मग थ्रेड, शेवटी मेमरी. मी हल्ली थ्रेड सुरू करायची ओळ लिहिण्याआधी तो संपवायचा भाग लिहिते. ऑफिसातला शेजारचा मुलगा हसतो, हसू दे.

आता मेमरीतल्या चुका पकडणारं केसॅन चालू करून कर्नल पुन्हा बांध. २०१५ पासून, ४.० आवृत्तीपासून ते कर्नलमध्ये आहे, तरी लोक प्रिंट टाकत बसतात. मशीन हळू होईल, होऊ दे. रिपोर्टमध्ये मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली आणि नंतर कुणी हात घातला, हे तिन्ही असतं. सगळे आधी हात घालणाऱ्यावर तुटून पडतात. तू ‘कुणी सोडली’ तिथून सुरू कर.

आणि सिनियरला उद्याच सांग की झोप तूच घातली होतीस. मी अडीच महिने सांगितलं नव्हतं, त्या दिवसांत घास घशाखाली उतरत नव्हता.

पप्पांचा ट्रॅक्टर आला वाटतं. रात्री नऊनंतर फोन कर, रिपोर्ट उघडून बस आणि सोडणाऱ्याचा स्टॅक मला मोठ्याने वाचून दाखव.