ई-मेलमधील गुप्त प्रत

कल्याण तालुक्यातील एखाद्या मुख्याध्यापकाने दिव्यांग विद्यार्थ्यांच्या ४० पालकांना तपासणी शिबिराची सूचना ई-मेलने धाडली आणि सर्वांचे पत्ते ‘टू’ या रकान्यात भरले, अशी कल्पना करावी. सूचना वेळेवर पोचेल. परंतु तिच्याबरोबर कोणाकोणाच्या घरी असे मूल आहे, याची यादीही ४० घरांत जाईल. आणि ती परत मागविता येणार नाही.

हे कसे घडते, हे समजण्यास टपालाची रीत ध्यानात आणावी. पाकिटावरील पत्ता टपालवाल्यासाठी असतो. आतील ‘प्रति’ची ओळ वाचणाऱ्यासाठी. ई-मेलमध्येही हाच भेद आहे. १९८२ च्या ‘एसएमटीपी’ नियमावलीनुसार, पाठविणारा संगणक मजकूर देण्यापूर्वी पुढील संगणकास ज्यांना पत्र पोचवावयाचे त्यांचे पत्ते सांगतो. हे झाले पाकीट. ‘टू’ व ‘सीसी’ या ओळी मात्र पत्राच्या शिरोभागी राहतात आणि प्रत्येकास दिसतात. ‘सीसी’ म्हणजे कार्यालयीन पत्राच्या तळाशी असणारी ‘प्रत माहितीसाठी’ हीच होय. ‘बीसीसी’मधील पत्ता पाकिटावर लिहिला जातो, आतील पत्रातून गाळला जातो. टंकलेखनाच्या काळी मूळ कागद यंत्रातून काढून घेऊन केवळ कार्बन प्रतीवर जादा नाव उमटवीत, त्यावरून हे नाव पडले.

तेव्हा सामुदायिक सूचना पाठविताना ‘टू’मध्ये शाळेचाच पत्ता व ‘बीसीसी’मध्ये पालकांचे पत्ते घालावेत. पालकाने ‘सर्वांना उत्तर’ ही कळ दाबली, तरी ते उत्तर शाळेकडेच येते. मात्र ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये अन्य कोणी असेल, तर त्या उत्तराने गुप्त प्रत उघड होते. सहकाऱ्याविषयीची तक्रार त्याच्या नकळत वरिष्ठांस अशा रीतीने पाठविणारे पुष्कळदा येथेच फसतात, आणि त्याबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नाही.

ई-मेलच्या मान्य नियमांत गुप्त प्रतीची ओळ हाताळण्याचे एकाहून अधिक प्रकार सांगितले आहेत. गुप्त प्रत मिळणाऱ्यास ती ओळ दिसू देण्याचाही त्यांत एक आहे. रूढ सेवा ती ओळ गाळतात. तथापि नवीन सेवा वापरण्यापूर्वी स्वतःच्याच दोन पत्त्यांवर गुप्त प्रत पाठवून आलेले पत्र उघडून पाहावे. पाठविलेल्या पत्रांच्या कप्प्यातील प्रत पाहून निर्णय करू नये, कारण तेथे गुप्त पत्ते दिसतातच. शाळेचे खाते अनेकजण वापरीत असतील, तर तेथील यादी त्या सर्वांपुढे उघडी असते.