बोन्सायच्या कुंडीत काळी माती नको

मृग निघाला की सोयाबीन आणि हळदीच्या धांदलीत अंगणातल्या कुंड्यांकडे बघायला कुणाला सवड नसते. पण वड, उंबर, नांदुरकी यांच्या बोन्सायची मुळे छाटून कुंडी बदलायची खरी वेळ हीच. ऊन उतरलेले असते, हवेत दमटपणा येतो आणि छाटलेले मूळ लवकर फुटते. हेच काम रोहिणीच्या उन्हात केले तर झाड वाळू शकते.

पहिल्या झाडासाठी रोपवाटिकेत जायची गरज नाही. पडक्या वाड्याच्या भिंतीत, जुन्या विहिरीच्या दगडांत पाखरांच्या विष्ठेतून उगवलेली रोपे आपल्या गावोगाव आहेत. फटीत अडकून वाढल्यामुळे त्यांचा बुंधा आधीच पिळदार झालेला असतो. मालकाला विचारून, चांगला पाऊस पडून गेल्यावर ती मुळांसकट सोडवा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा. पिंपळाचे पान सहजी लहान होत नाही, म्हणून सुरुवात नांदुरकी किंवा उंबरावर करा. चिंचही उत्तम, तिचे पान मुळातच बारीक.

खरी चूक होते ती मातीत. माझे पहिले उंबर मी शेतातल्या काळ्या मातीतच लावले होते. पावसाळ्यात कुंडीत चिखल साचला, मुळे काळी पडली. उरलेली उन्हाळ्यात गेली: माती आकसून कुंडीच्या काठापासून बोटभर सुटली आणि त्या भेगेत बारीक तंतुमुळे तुटून लोंबत होती. ज्या मातीवर आपला कापूस पिकतो, ती चार बोटे खोल कुंडीत झाडाचा जीव घेते. वसमत-कळमनुरीकडच्या हळद उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. पाणी साचले की कंदकूज येते, म्हणूनच तो हळद गादीवाफ्यावर लावतो. इथेही हिशेब तोच.

मिश्रण असे करा: भाजक्या विटांचा ज्वारीच्या दाण्याएवढा चुरा दोन भाग, जाड वाळू किंवा मुरूम एक भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. चुरा चाळून खालची भुकटी फेकून द्या. तीच छिद्रे बुजवते. कुंडीच्या छिद्रांवर जाळी ठेवा.

झाड काढल्यावर बांबूच्या काडीने जुनी माती हलक्या हाताने मोकळी करा. सोटमूळ आखूड करा, बाकीच्या मुळांचा साधारण तिसरा हिस्सा छाटा, मात्र बुंध्याभोवती पसरलेली आडवी मुळे जपा. कापलेल्या जागी चीक येईल, तो ओल्या फडक्याने टिपा. झाड तारेने कुंडीला घट्ट बांधा, कारण हलणारे झाड मूळ धरत नाही. पुढचे तीन आठवडे ते सावलीत ठेवा आणि महिनाभर कोणतेही खत देऊ नका.

वळण देण्यासाठी ॲल्युमिनियमची तार वापरा. तार फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड हवी आणि तिरकी गुंडाळायची. मुळे छाटलेल्या झाडाला त्याच वेळी तार लावू नका. पावसाळ्यात वडवर्गीय फांदी झपाट्याने फुगते, म्हणून दर पंधरा दिवसांनी तार बघा. ती सालीत रुतू लागली की उलगडत बसू नका, पक्कडीने तुकडे करून काढा. रुतलेला वळ वर्षानुवर्षे जात नाही.

झड लागली की कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी ठेवा, पाणी निथळून जाते. बगलेत पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापसाने पुसून काढा आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारा.

आणि विटांचा चुरा पाऊस लागायच्या आधीच चाळून कोरड्या पोत्यात भरून ठेवा. भिजलेला चुरा चाळणीला चिकटतो, भुकटी वेगळी होत नाही.