किमची विकायचीय म्हणतेस?

अगं, कोथरूडच्या घरातून कोरियन जेवणाचे डबे द्यायचं ठरवलंयस ना, मग कर खुशाल. आई वासावरून नाक मुरडेल, तिकडे काणाडोळा कर. पण तू पाठवलेली पदार्थांची यादी वाचली आणि राहवलं नाही. सीरियलमध्ये दिसलं ते सगळं तू जसंच्या तसं उतरवलंयस. सीरियल बघून माणूस एकदा मागवतो गं. दुसऱ्यांदा मागवतो ते त्याच्या रोजच्या खाण्यात त्या पदार्थाला जागा सापडली तरच.

हे मी मनाचं सांगत नाहीये. गिम घे, ती समुद्री शेवाळाची भाजलेली पानं. कोरियात ती भाताबरोबर खातात. अमेरिकेत कित्येकांना आधी हा काळा कागदच वाटायचा. आज तिथे तीच पानं तेल-मीठ लावून छोट्या पाकिटांत मिळतात आणि पोरं ती वेफर्ससारखी नुसतीच खातात. पदार्थ तोच, फक्त खायची वेळ बदलली.

किमबापचंही, म्हणजे गिममध्ये गुंडाळलेल्या भाताच्या वळकटीचंही, तसंच. कोरियात तो ताजा वळून त्याच दिवशी खायचा पदार्थ. गार झाला की भात कडक होतो, म्हणून फ्रीजमध्ये ठेवायलाही लोक नाखूश. आणि 2023च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ‘ट्रेडर जोज’ या दुकानांनी तो चक्क गोठवलेला विकायला ठेवला, चार डॉलरच्या आत. एका कोरियन-अमेरिकन मायलेकींचा व्हिडिओ गाजला आणि बघता बघता दुकानं रिकामी. आत मांस नव्हतं, टोफू होता, कारण मांसाचे पदार्थ कोरियातून तिथे न्यायचे तर नियम फार कडक. पण त्या अडचणीमुळेच शाकाहारी गिऱ्हाईक आयतं मिळालं. ऑफिसात डबा गरम केला की जेवण तयार, एवढंच त्या लोकांना हवं होतं.

नवी चव ओळखीच्या रूपात कशी द्यावी तेही बघ. रॉय चॉई या शेफने 2008 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘कोगी’ नावाचा ट्रक काढला, तेव्हा कोरियन पद्धतीचं भाजलेलं मांस त्याने मेक्सिकन टाकोत भरलं. टाको हातात कसा धरायचा हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. नवी होती ती फक्त चव. तू एकदम वाटी, चॉपस्टिक्स, बारा बशा असं सगळंच नवं समोर ठेवू नकोस.

बुलडाक नूडल्स मात्र यादीतून काढच. 2024 च्या जूनमध्ये डेन्मार्कच्या अन्न खात्याने त्यातले तीन प्रकार फार तिखट म्हणून बाजारातून परत घ्यायला लावले, पुढच्या महिन्यात दोन परत आलेही. जगभर हसू झालं आणि कंपनीची फुकटात जाहिरात. पण ते पैजेचं खाणं आहे. पैज लावून जेवणारा रोजचा डबा लावत नाही. शिवाय पाकीट कुठल्याही दुकानात मिळतं, ते उकळून द्यायला तू कशाला हवीस?

कोरियन तिखटाला गोडाची बाजू असते. गोचुजांग या त्यांच्या आंबवलेल्या लाल चटणीत मिरचीबरोबर तांदूळ आणि माल्ट मुरलेलं असतं. आमटीत गूळ घालणाऱ्या घरांना ते पटकन रुचेल, तुला त्याची काळजी नको. काळजी किमचीच्या आंबलेल्या वासाची कर. मणिपुरात 2000 साली बंडखोरांनी हिंदी सिनेमे बंद पाडले, तेव्हा केबलवर कोरियन मालिका आल्या आणि मागोमाग खाणंही आलं. पण तिथल्या स्वयंपाकात आंबवलेली मासळी आधीपासूनच होती. कोथरूडात ती नाही.

आणि मासळीवरून आठवलं. नेहमीच्या किमचीत माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. तुझं निम्मं गिऱ्हाईक शाकाहारी असणार. ‘थोडंसंच तर आहे’ म्हणून गप्प बसलीस तर एका सोसायटीच्या ग्रुपवर तुझं दुकान बंद होईल. त्यापेक्षा कोरियातल्या बौद्ध मठांचं जेवण बघ. तिथे मांस-मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. बेकयांगसा मठातल्या जंग क्वान या भिक्षुणीचा स्वयंपाक बघायला जगभरचे नावाजलेले शेफ जातात, ‘शेफ्स टेबल’ या मालिकेत तिच्यावर अख्खा भाग आहे. सोया सॉस, मुळा, आलं, मिरचीपूड यांवर मठातल्या किमचीची चव उभी राहते. ही किमची कुणाची नक्कल नाही, तिकडचीच जुनी रीत आहे. तुझ्या यादीत तिचं नावही नाही, म्हणजे कमाल झाली!

चाकण-रांजणगावच्या कंपन्यांमधले कोरियन साहेब गिऱ्हाईक म्हणून डोक्यात असतील, तर इतक्यात नकोत. त्यांना घरची चव हवी असते आणि ती देणारी हॉटेलं पुण्यात आहेत.

बरं, करताना एक सांभाळ. नापा कोबी मिठात मऊ झाली, की पान वाकवून बघ. कट्कन मोडलं नाही की धुऊन घे आणि दांड्याकडच्या जाड भागाला पानापानात मसाला चोळ. बरणी गळ्यापर्यंत भरू नकोस, आंबताना वायू धरतो आणि लाल पाणी झाकणातून बाहेर येतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर एक रात्रही पुष्कळ झाली, लगेच फ्रीजमध्ये टाक. कोरियन घरांत किमचीला वेगळा फ्रीज असतो तो काही हौसेने नाही. तुला वेगळा परवडणार नाही, तेव्हा निदान दुधाच्या कप्प्यापासून लांब ठेव, नाहीतर सकाळच्या चहाला आईशी तूच बोल.

पहिल्या महिन्यात तीनच पदार्थ ठेव: मठातली किमची, किमबापचा डबा, आणि किमची घातलेला परतलेला भात. टोकबोकीचे ते चिवट तांदळाचे तुकडे मागाहून, लहान कापून. नवी यादी केलीस की दर घालून पाठव, मी सामानाचा हिशेब मांडून देते.