सोंगाचा खेळ : ऑनलाईन भूमिका-खेळांच्या रचनेविषयी काही विचार

— द्वितीय वर्ष, कला शाखा

विराटपर्वातील अज्ञातवासाची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव नावाचा आचारी झाला, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवू लागला. नकुलाने घोडे सांभाळले, सहदेवाने गाई सांभाळल्या आणि द्रौपदी राणीची सैरंध्री झाली. अट एकच होती. वर्षभरात ओळख पटली, तर पुन्हा बारा वर्षे वनवास. नवे जग, प्रत्येकाची नेमलेली भूमिका, त्या भूमिकेला लागणारे कसब आणि चूक झाल्यास भोगावी लागणारी शिक्षा, या चार गोष्टी जेथे एकत्र येतात त्यास आजची मुले ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. आपल्या भाषेत त्याला ‘सोंगाचा खेळ’ म्हटल्यास वावगे ठरू नये. भारूड, लळित आणि दशावतार यांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या समाजाला सोंग घेणे नवीन नाही.

मोबाईलवरचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मत वडीलधारी मंडळी व काही प्राध्यापकही व्यक्त करतात. ते सर्वस्वी चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु कादंबरी वाईट असते म्हणून आपण कादंबरी हा वाङ्मयप्रकार त्याज्य ठरवत नाही. तिच्या रचनेचे परीक्षण करतो. हाच न्याय खेळांनाही लावावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

१९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, बोलून खेळण्याचा हा प्रकार. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात एकही चित्र नव्हते. पडद्यावर वर्णन येई, खेळणारा शब्द टंकित करी आणि त्याच वेळी अनेक जण त्याच जगात वावरत असत. १९९७ चे ‘अल्टिमा ऑनलाईन’ आणि २००४ चे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे याच वंशवेलीवरचे खेळ.

बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आणि त्यांना पत्त्यांच्या रंगांची नावे दिली. चौकट म्हणजे संपत्ती व पदव्या मिळवणारे. इस्पिक म्हणजे फावडे घेऊन जग खणून पाहणारे, शोधक. बदाम म्हणजे माणसांसाठी, गप्पांसाठी येणारे. किलवर म्हणजे दंडुका घेऊन इतरांना छळणारे. एका रंगाचेच पत्ते वाढले की डाव बिघडतो, हे पत्ते खेळणाऱ्याला सांगावे लागत नाही. ‘अल्टिमा ऑनलाईन’मध्ये नेमके हेच घडले. रचनाकारांनी तेथे हरणे, लांडगे, गवत यांचे परस्परावलंबी जीवन उभे केले होते. खेळणाऱ्यांनी दिसेल तो प्राणी इतक्या वेगाने मारला की ते निसर्गचक्र चाललेच नाही. पुढे किलवर मंडळींच्या त्रासामुळे २००० साली त्या जगाचे दोन भाग करावे लागले. एकात संमतीवाचून दुसऱ्यावर हल्ला करता येई, दुसऱ्यात येत नसे. खेळाचा प्रत्येक नियम हा त्या जगाचा कायदा असतो, आणि कायदा बदलला की तीच माणसे वेगळी वागतात, असा बोध यातून घेता येतो.

या पार्श्वभूमीवर येऊ घातलेल्या खेळांकडून आपण काय मागावे, याचा चार मुद्द्यांत विचार करू.

१. वेळ

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चाचणीच्या काळातील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. कोणी फार वेळ खेळला की त्याला मिळणारे अनुभवगुण निम्मे होत. हेतू चांगला होता, पण लोक चिडले. रचनाकारांनी मग हिशेब जवळजवळ तोच ठेवून मांडणी उलटी केली. जो विश्रांती घेऊन येईल त्याला काही काळ दुप्पट गुण, नंतर नेहमीचे. तक्रार थांबली. याचा अर्थ असा की खेळणाऱ्याला उठवणे रचनाकाराच्या हातात असते, आणि तेही त्याचा अपमान न करता.

आज अनेक खेळ याच्या उलट वागतात. रोज हजेरी लावा, एक दिवस चुकला तर बक्षीस गेले. ही कॉलेजच्या हजेरीपेक्षा कडक आहे. येथे वैद्यकीय दाखलाही चालत नाही! आपल्याकडे उत्सवाची सांगता लळिताने होई, सोंगे उतरत आणि माणसे घरी जात. खेळातही असा सन्मानाने उठण्याचा क्षण असावा. अध्याय संपावा, दिवा मालवावा.

२. पैसा

‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा खेळ २८ सप्टेंबर २०२० रोजी आला. त्यात नवी पात्रे मिळवण्यासाठी एक प्रकारची सोडत काढावी लागते. सर्वोच्च प्रतीची वस्तू मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आणि ९० व्या सोडतीपर्यंत ती एकदा हमखास, असे कंपनीनेच जाहीर केले आहे. गणित करून पाहू. प्रत्येक सोडतीत हुकण्याची शक्यता ९९.४ टक्के. सलग ५० वेळा हुकण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के. म्हणजे १०० जणांनी प्रत्येकी ५० सोडती काढल्या, तर ७४ जण त्या वस्तूवाचून परततील. येथे निदान आकडा छापलेला आहे, हे मान्य केले पाहिजे.

मी स्वतः दुसऱ्या एका खेळात (त्याचे नाव येथे देत नाही) परीक्षेच्या फॉर्मसाठी ठेवलेल्या पैशांतून ४०० रुपये अशा पेटीवर घालवले. हवी ती तलवार मिळाली नाही. आईला हे कळले तेव्हा ती रागावली नाही. त्या ४०० रुपयांसाठी किती विड्या वळाव्या लागतात, एवढेच तिने विचारले. हे उत्तर मला येत होते. त्या दिवसापासून मी खेळाच्या रचनेकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

बेल्जियममध्ये २०१८ साली अशा पेट्या जुगार ठरवण्यात आल्या. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन खेळांचा कायदा संमत केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना त्याने मनाई केली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ त्यांपासून वेगळे मानले. परंतु ज्या पेटीत पैसे टाकून पैसे नव्हे तर तलवार मिळते, ती पेटी या मनाईत सरळ बसत नाही. तेथे रचनाकाराच्या सदसद्विवेकालाच साद घालावी लागते.

ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट हाही नशिबाचाच खेळ होता. कवड्या पडतील तसे सोंगटीने जायचे, सद्गुणाच्या शिडीने वर, दुर्गुणाच्या सापाने खाली. पण त्या कवड्या सावकारासाठी व त्याच्या गड्यासाठी सारख्याच पडत. नशीब विकत मिळू लागले की तो खेळ राहत नाही, ते दुकान होते. पोशाख विका, नकाशे विका, वर्गणी घ्या. दान मात्र विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. जन्म

भूमिका-खेळ सुरू होताच बहुधा दोन प्रश्न विचारले जातात. तुमची ‘रेस’ कोणती आणि तुमचा ‘क्लास’ कोणता? मराठीत सांगायचे तर कूळ कोणते आणि व्यवसाय कोणता? ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये आरंभी पॅलडिन हे धर्मयोद्धे एका पक्षाकडेच होते व शामन हे दुसऱ्याच पक्षाकडे. २००७ मध्ये ही अट सैल झाली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्दच काढला आणि शक्ती, बुद्धी इत्यादींची वाढ कुळाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली.

परदेशातील लोकांनी ही वाट ५० वर्षांत चालून संपवली. आपण महाभारतावर खेळ रचू तेव्हा कोठून सुरुवात करणार? एकलव्याचे पात्र निवडणाऱ्याचा अंगठा खेळ पहिल्याच अध्यायात मागणार का? मला वाटते, मागावा. पण ‘नाही’ म्हणण्याचे बटणही द्यावे, आणि त्या नकाराची संपूर्ण कथा पुढे लिहावी. कुळाची अडचण खेळातून पुसून टाकणे हा खोटेपणा होईल. तिला कथेतील अडथळा म्हणून ठेवणे आणि कसबाने ओलांडू देणे, हे न्यायाचे होईल. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच आहे. मला असला खेळ खेळायला आवडेल.

या संदर्भात आपल्या गड्ड्याच्या यात्रेचा उल्लेख करावासा वाटतो. दर जानेवारीत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना प्रदक्षिणा होते, अक्षता सोहळा होतो. निरनिराळ्या समाजांकडे निरनिराळ्या काठ्यांचा मान असतो. उंच नंदीध्वज तोलून चालण्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव करावा लागतो. हा तोल बाजारात विकत मिळत नाही, तो कमवावा लागतो. आणि एकट्याने काठी पेलत नाही, आळीपाळीने खांदे लागतात. हजारो माणसांनी भूमिका घेऊन एकच कथा दरवर्षी नव्याने उभी करावी, याहून मोठा सामुदायिक भूमिका-खेळ कोणता? रचनाकारांनी येथून दोन गोष्टी जरूर उचलाव्यात : कमावलेले कसब आणि परस्परांची गरज. मान जन्माने ठरण्याची गोष्ट मात्र खेळाने उचलू नये.

४. आवाज

अर्जुनाची बृहन्नडा झाली. मी खेळात पुरुषपात्र घेते. कारण साधे आहे. एकदा मुलीच्या नावाने खेळताना माईक सुरू केला आणि दोन वाक्यांत खेळ राहिला बाजूला, प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. माईक बंद केला, नाव बदलले. माझ्या वर्गातील आणखी दोघींनी हेच केले आहे. ज्या खेळात सूचना बोलूनच द्याव्या लागतात, त्यात आमचा गट नेहमी मागे पडतो. हे आमचे वैगुण्य नव्हे, ती रचनेतील त्रुटी आहे.

२०१२ साली आलेल्या ‘जर्नी’ या खेळात दोन अनोळखी प्रवासी वाळवंटात भेटतात. नावे दिसत नाहीत, बोलता येत नाही. फक्त एक मंजुळ स्वर काढता येतो. तेवढ्यावर ते एकमेकांना सांभाळत डोंगरापर्यंत जातात आणि सोबत्याचे नाव खेळ संपल्यावर कळते. शिवी देण्याची सोयच नसल्यामुळे माणसे सौजन्याने वागतात! खुणा, ठरावीक वाक्ये, बोटाने दाखवलेली जागा, एवढी व्यवस्था झाली तर कितीतरी मुलींना आपल्या नावाने खेळता येईल.

आपल्याकडील प्रयत्न

महाराष्ट्र या क्षेत्रात मागे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ आणला. त्यात भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी नायिका आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात शेवटपर्यंत जिवंत राहण्याखेरीज ‘कॉस्मियम’ हस्तगत करूनही जिंकता येते, ही रचना मला कल्पक वाटली. २०२५ मध्ये लेखक अमिश त्रिपाठी व अमिताभ बच्चन यांचा सहभाग असलेल्या कंपनीने ‘द एज ऑफ भारत’ या भूमिका-खेळाची घोषणा केली. या सर्वांचे स्वागतच आहे. मात्र पौराणिक चित्रे सुंदर काढली म्हणजे खेळ भारतीय झाला असे नव्हे. तो आपल्या साध्या फोनवर चालतो का, आपल्या भाषेत बोलतो का, हेही पाहिले पाहिजे. आमच्या सोलापुरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते. चार भाषांचे गाव ही खेळासाठी केवढी मोठी सामग्री आहे!

समारोप

‘मड’ हा खेळ निव्वळ शब्दांचा होता, ही गोष्ट कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. चित्रे व यंत्रे आपल्याकडे नसतील, शब्द तर आहेत. मे १९३० चे सोलापूर घ्या. सत्याग्रहाने पेटलेले शहर, लागलेला मार्शल लॉ, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा. या चार हुतात्म्यांची भूमिका कोणाला देऊ नये. त्यांचे मरण हा कोणाच्या गुणांचा विषय नव्हे. पण गिरणीतील बदली कामगार, बातमी पोहोचवणारा पोऱ्या, दाराआड कोणाला लपवावे की नाही या विचारात पडलेली एखादी बाई, अशी सोंगे घेऊन त्या दिवसांतून चालून पाहता येईल. इतिहास व मराठी विभागांनी मार्गदर्शन केले, तर येत्या स्नेहसंमेलनापर्यंत कागदावर का होईना, असा खेळ उभा राहू शकतो. नियम लिहिण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेईन. त्यातला पहिला नियम तयार आहे : कवड्या सर्वांसाठी सारख्याच पडतील.