पगार कोण देतो?

मागच्या सत्रात आपल्या होस्टेलचे संडास चार दिवस साफ झाले नव्हते, आठवतंय ना? आम्ही तिघंचौघं तावातावाने रेक्टर सरांकडे गेलो. सर म्हणाले, "अरे, त्या मावशी कॉलेजच्या नाहीत, ठेकेदाराच्या आहेत." मावशींना विचारलं तर त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकलेला. त्याच आठवड्यात लॅब असिस्टंट काका काळी फीत लावून काम करत होते. मला वाटलं, भांडण एकच. तसं नव्हतं. काकांनीच मग समजावलं, "पगार कोण देतो ते बघ, म्हणजे मोर्चा कुठे जाणार ते कळेल."

आपल्यासारख्या अनुदानित कॉलेजात मंजूर पदावरच्या माणसाचा पगार राज्य सरकारच्या अनुदानातून होतो. त्यामुळे प्राचार्यांशी भांडून उपयोग नाही. भांडण थेट मंत्रालयाशी. सहाव्या वेतन आयोगाचंच बघा. १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळातल्या वाढीव खर्चाचे ८० टक्के केंद्राने आणि उरलेले राज्याने द्यायचे होते. प्रत्यक्षात थकबाकी रखडली आणि फेब्रुवारी ते मे २०१३ मध्ये प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. परीक्षाच का? तास बंद पडले तर मंत्रालयात ऐकू जात नाही, निकाल अडला की जातं. मधल्या मध्ये भरडले गेले ते विद्यार्थी. काकांची फीत पेन्शनची. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, मार्च २०२३ चा राज्य कर्मचाऱ्यांचा संपही त्यावरच होता.

१९८३ पासून वसंतदादांच्या काळात सुरू झालेल्या विनाअनुदानित कॉलेजांचं गणित वेगळं. तिथे पगार फीमधून. पण शिष्यवृत्तीधारकांच्या फीचे पैसे सरकारकडूनच यायचे असतात, ते लांबले की संस्थाचालक तेच कारण पुढे करतात.

आता मावशी. पूर्वी आपल्याकडे सफाईची मंजूर पदं होती. माणसं रिटायर झाली, पदं भरली नाहीत. अनुदान पदामागे मिळतं, पद रिकामं तर पैसे नाहीत. संडास मात्र रोज घाण होणारच! मग कॉलेज आपल्या फीतून ठेकेदार नेमतं, आणि जो सगळ्यात कमी दर भरतो त्यालाच काम मिळतं. मावशींनी जायचं कुठे? मंत्रालय त्यांना ओळखत नाही, कॉलेज ठेकेदाराकडे बोट दाखवतं, आणि ठेकेदार म्हणतो बिल पास झालं नाही.

खरं तर ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं, नव्या कामगार संहितेतही ते आहे. इथे मूळ मालक म्हणजे कॉलेज. आम्ही तेवढंच लिहून प्राचार्यांना अर्ज दिला, खाली एकेचाळीस सह्या. (सही करायला कंटाळणारेच संडासावरून सर्वांत जास्त ओरडत होते, हे इथे नोंदवून ठेवतो.)

आठ दिवसांत मावशींचा एका महिन्याचा पगार झाला. दुसऱ्याचा बाकी आहे. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहोत, येणाऱ्यांनी साडेदहाला मेसपाशी यावं.